ती बादली बाजूला घ्या

अबुंदियो बार्रिओस गावात येतोय असं कळलं की युकुनानीतल्या बायका आधी बादल्या आत नेऊन ठेवायच्या. मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मग दोरीवर वाळत घातलेले फुटबॉलचे बनियन, मग गॅसची टाकी. नंतर कटकट नको म्हणून. कारण अंगणात पाऊल टाकल्यावर अबुंदियोच्या तोंडून पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "मावशी, ती बादली जरा बाजूला घ्या." कशा आहात, गुडघा कसा आहे, हे सगळं त्यानंतर, आणि तेही प्रकाश ठीक असेल तर.

वीस वर्षं हा माणूस आमच्या डोंगरातून पारंपरिक कारागिरीचे फोटो काढत हिंडला. रोजच्या जगण्यातली कारागिरी, असं तो म्हणायचा. पण रोजचं जगणं आधी अंगणाबाहेर हाकलल्याशिवाय त्याला कॅमेऱ्याचं झाकण काढवायचं नाही. पुरुषांच्या डोक्यावर बेसबॉलची कापडी टोपी दिसली की त्याचा चेहरा आंबट व्हायचा. ती काढायला लावून तो आपल्या डोक्यावरची विणलेली टोपी त्यांना घालायचा. त्याच्या त्या जाडजूड पुस्तकात अकरा म्हातारे आहेत आणि अकरांच्या डोक्यावर एकच टोपी आहे. आठव्या म्हाताऱ्याच्या ती भुवयांपर्यंत आलीय. राजधानीतल्या समीक्षकाने त्यावर लिहिलं की इथे वार्धक्य परंपरेच्या सावलीत विसावलं आहे. प्रत्यक्षात त्या माणसाचं डोकं लहान होतं, एवढंच.

या अबुंदियोचा जन्म इथलाच, चर्चच्या मागच्या गल्लीतला. बाप लवकर गेला. आई कासिमिरा चटया विणून घर चालवायची आणि घरात नियम होता की ज्याला तोंड आहे त्याने रोज हातभर तरी विणायचं. डोंगरातल्या ठेंगण्या ताडाच्या पाती आणायच्या, चिरायच्या, विणायच्या. थोरली सेनाइदा सहाव्या वर्षी विणायला लागली. अबुंदियोला पातींचा वास सहन व्हायचा नाही, बोटं चिरली जायची, डोळ्यांत पाणी यायचं. मग सेनाइदा स्वतःचं हातभर विणून झाल्यावर त्याचंही हातभर विणायची आणि हा समोर पाय पसरून बघत बसायचा. आई म्हणायची, "अरे, नुसतं बघून काय होणार तुझं?" झालं ते असं की बघणं हाच त्याचा धंदा झाला.

चौदाव्या वर्षी तो खाली वाहापानच्या बाजारपेठेत एका फोटो स्टुडिओत लागला. ओळखपत्रांचे फोटो, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचे फोटो, हनुवटी वर, डोळे मिटू नका. तिथून वाहाका शहर, तिथून शिष्यवृत्ती, तिथून राजधानी. आणि राजधानीत गेल्यावर त्याला अचानक आठवलं की आपण चटई विणणाऱ्यांचे वंशज आहोत. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला हातात वाइनचा पेला धरून तो सांगायचा, "माझ्या बोटांत माझ्या पूर्वजांची वीण आहे." ऐकणाऱ्या बायका त्याच्या बोटांकडे बघायच्या. बोटं छान होती. एकही चीर नव्हती त्यांवर.

आता खरी गोष्ट अशी की युकुनानीत ताडाच्या पातीने विणणं केव्हाच कमी झालं होतं. बायका प्लॅस्टिकच्या रंगीत पट्ट्यांच्या टोपल्या विणत. पट्टी उन्हाळ्यात तुटत नाही, तिच्यासाठी डोंगर चढावा लागत नाही, आणि बाजारात बायकांना भाजीसाठी तशीच टोपली हवी असते. कासिमिराचा तर यात हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा तिने नारंगी आणि हिरव्या पट्ट्यांची अशी टोपली विणली, की शेजारच्या तीन गावांतून बायका ती उलटी करून तळ बघायला आल्या. अबुंदियो तेव्हा आलेला होता. कासिमिराने केस विंचरले, नवा झगा घातला आणि टोपली मांडीवर घेऊन खुर्चीत बसली.

"काढ," ती म्हणाली.

"आई, हे प्लॅस्टिक आहे."

"मग? मी पण आहे की त्याच्या मागे."

त्याने हसून टोपली बाजूला ठेवली आणि तिच्या हातात ताडाच्या चार पाती दिल्या. फक्त हातांचा फोटो काढला. पुस्तकाच्या सत्तेचाळिसाव्या पानावर तो आहे, नाव 'आरंभ'. चटईचा पहिला कोपरा घालताना बोटं कशी हलतात हे दिसावं म्हणून त्याने कॅमेऱ्याची झडप मुद्दाम सावकाश ठेवली, त्यामुळे बोटांच्या जागी धुक्यासारखं काहीतरी आलं. त्याला पारितोषिक मिळालं. कासिमिराने पुस्तक पाहिलं, पान उलटलं, आणि "बरं," म्हणाली. पुढे ते पुस्तक तिला फार उपयोगी पडलं. ओल्या पाती सपाट करायला त्याच्याइतकं जड घरात दुसरं काही नव्हतं.

तिची शेजारीण आणि आयुष्यभराची विणकामातली जोडीदारीण ओब्दुलिया हिला मात्र अबुंदियो कधीच झेपला नाही. गावामागच्या टेकडीत एक गुहा आहे, जुन्या बायका तिथे बसून विणत. अबुंदियोला ती गुहा म्हणजे देवघर वाटायची. ओब्दुलियाला तिथे बसवून तो म्हणाला होता, "बघा मावशी, आपल्या पूर्वजांना प्रकाशाची केवढी जाण होती."

"प्रकाशाची?" ओब्दुलिया म्हणाली. "माझ्या आजीला इथे काही दिसायचं नाही. सारखी शिव्या द्यायची."

"मग बसायची कशाला?"

तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "तू काढ तुझा फोटो," ती म्हणाली. सांगितलं नाही. तिच्या मते कासिमिराच्या मुलाला हे सांगावं लागणं हीच शरमेची गोष्ट होती.

मार्च महिन्यात, ऐन कोरड्या दिवसांत, अबुंदियो पुस्तकाच्या नव्या आवृत्तीसाठी गावात आला होता. एका मंगळवारी सकाळी कासिमिरा चुलीपाशी बसली ती उठलीच नाही. अंगावर कॉफी सांडली होती, चेहरा शांत होता. दहा वाजेपर्यंत घर माणसांनी भरलं. कुणी मक्याची पेज आणली, कुणी गोड पाव, कुणी मेस्काल दारूची बाटली. ओब्दुलिया तीन बायकांना घेऊन आली. चौघींच्या डोक्यांवर पातींच्या मोळ्या होत्या.

आमच्याकडे माणूस चटईतून जातो. शवपेटी हल्ली असते, पण आत चटई हवीच. आणि त्या चटईचा पहिला कोपरा, चार बोटं रुंद, पोटच्या लेकराने घालायचा असतो. थोरल्याने. थोरलं नसेल तर त्याच्या मागच्याने. त्यापुढे गावातल्या बायका विणत नेतात. लेकराने घातलेला कोपरा डोक्याखाली येतो. ज्याला मूलबाळ नाही त्याचा कोपरा शेजारी घालतात आणि तो पायाशी येतो. शवपेटी उघडी असते तोवर सगळ्या गावाला दिसतं कोपरा कुठे आहे ते. हे आमच्याकडे चार वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतं आणि म्हणून गावात एकही माणूस असा नाही ज्याला निदान कोपरा घालता येत नाही. एक सोडून.

सेनाइदा थोरली, पण ती उत्तरेला, सीमेपलीकडे, स्ट्रॉबेरीच्या शेतावर. कागदपत्रं नाहीत. इकडे आली असती तर परत जाता आलं नसतं, आणि तिची तीन मुलं तिकडे. तेव्हा अबुंदियो उरला.

"चल," ओब्दुलिया म्हणाली, "कोपरा घाल. आम्हाला संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत उरकायचंय."

"तुम्हीच घाला ना मावशी," अबुंदियो हळूच म्हणाला. "मी हात लावतो."

"हात लावायला ही काय बंद पडलेली मोटार आहे?"

बाकीच्या तिघींनी माना खाली घातल्या. त्यांतली एक हसत होती, पण सुतकाचं घर असल्याने तिने तोंडावर शाल धरली.

"मला जरा वेळ द्या," तो म्हणाला.

"घे. कासिमिराला आता कुठे घाई आहे?"

अबुंदियोने चार-सहा पाती उचलल्या आणि मागच्या खोलीत गेला. तिथे खाटेखाली त्याचं पुस्तक होतं. ओलीने पानं फुगली होती. त्याने सत्तेचाळिसावं पान काढलं. आईचे हात. काळी पार्श्वभूमी, सोनेरी उजेड, आणि बोटांच्या जागी ते धुकं. कुठली पात वर, कुठली खाली, पहिली घडी आतून की बाहेरून, काहीही कळत नव्हतं. त्याने पुढची पानं उलटली. ओब्दुलियाचे हात, कुणा म्हाताऱ्याची टोपीखालची सुरकुती, पातीच्या कडेवर पडलेलं ऊन. एकशे साठ पानं होती. एवढ्या पानांत विणणं कसं करतात ते कुठेच नव्हतं. त्याला आता ते पुस्तक भिंतीवर फेकावंसं वाटलं, आणि फेकलंही असतं, पण ते फार जड होतं.

मग तो फोटोतल्यासारखा दाराच्या उजेडात बसला, फोटोतल्यासारख्या पाती धरल्या आणि अंदाजाने पहिली दुमडली. ती कटकन मोडली. दुसरी मोडली. सहावी मोडल्यावर तो बाहेर आला आणि रागाने म्हणाला, "मावशी, ही पात चांगली नाही. जुनी आणलीत."

ओब्दुलियाने मोडलेले तुकडे पाहिले. मग त्याच्याकडे पाहिलं.

"भिजवलीस?"

त्याने उरलेले तुकडे पाठीमागे धरले.

"अरे, कोरडी पात दुमडते का कधी? आम्ही गुहेत का बसायचो असं वाटलं तुला? तिथे ओल असते. बाहेर विणायचं तर शेजारी पाण्याची बादली लागते, दर चार दुमडींनी बोटं बुडवायची. वीस वर्षं आला-गेलास, आणि तू पाणीच बघितलं नाहीस?"

पाणी दिसणार कसं? ते बादलीत असायचं, आणि बादली तो सगळ्यात आधी काढायला लावायचा. कासिमिराची ती निळी बादली, कडी तुटून दोरी बांधलेली, त्याच्या प्रत्येक फोटोच्या हातभर बाहेर बसून राहिलेली होती. आणि आजही, आई गेल्यावर तासाभरात, बायका यायला लागल्या तेव्हा त्याने तोच हुकूम सोडला होता, ती बादली बाजूला घ्या, बरं दिसत नाही. कुणीतरी ती संडासामागे नेऊन ठेवली होती.

"जा, घेऊन ये," ओब्दुलिया म्हणाली. "भरून आण."

भरल्या अंगणातून अबुंदियो बार्रिओस, पारितोषिकविजेता, पांढऱ्या लिननच्या सदऱ्यात, संडासामागून बादली घेऊन आला. माणसं बाजूला होऊन त्याला वाट देत होती.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सेनाइदा. व्हिडिओवर तिच्या मागे फळांचे खोके रचलेले, डोक्याला रुमाल, डोळे सुजलेले. ओब्दुलियाने फोन त्याच्या हातातून घेतला आणि समोरच्या खुर्चीवर टेकवून ठेवला.

"घातलास कोपरा?" सेनाइदाने विचारलं.

"अजून नाही."

"अजून नाही म्हणजे? अकरा वाजले तिकडे."

"त्याला येत नाही," ओब्दुलियाने मागून सांगितलं.

मग सेनाइदा बोलायला लागली आणि अंगणातल्या सगळ्यांनी ते ऐकलं. "सात वर्षं मी तुझ्या वाटणीचं विणलं. समोर बसून बघायचास. मला वाटायचं शिकतोय. मी इथे पंधरा वर्षं पातीला हात लावला नाही तरी झोपेत कोपरा घालीन. माझी आई तिथे पडलीय, मला येता येत नाही, आणि ज्याला येता येतं त्याला येत काय तर काहीच नाही. ती पायाशी कोपरा घेऊन जाणार का रे? आम्ही दोघं असताना?"

"नाही जाणार," तो म्हणाला.

"मग बस खाली."

तो बसला. सेनाइदाने खोक्याच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या फाडून दाखवायला घेतलं, पण चित्र सारखं थिजायचं. शेवटी ओब्दुलियाच उठली. घरात जाऊन कासिमिराच्या उरलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या घेऊन आली, नारंगी आणि हिरव्या.

"आधी यावर," ती म्हणाली. "दोन रंग आहेत, तुझ्यासारख्यालाही दिसेल. नारंगी उभी. हिरवी आडवी. हिरवी वरून ने. आता मागे दुमड. मागे म्हणजे तुझ्याकडे नाही रे. परत सोड."

त्याने परत सोडलं. परत घातलं. अकराव्या खेपेला ते कोपऱ्यासारखं दिसायला लागलं. सेनाइदा फोनमधून म्हणाली, "डावा अंगठा हलवू नकोस," आणि ओब्दुलिया म्हणाली, "हलवतोय," आणि एक म्हातारा भिंतीशी बसून म्हणाला, "याच्या बापालाही वेळ लागायचा, पण एवढा नाही." अबुंदियोने कुणाकडेच पाहिलं नाही. सदऱ्याच्या बाह्या भिजल्या होत्या. त्याने बादलीत हात बुडवला, ताडाची पात घेतली, पाण्यातून ओढली आणि दुमडली. ती मोडली नाही.

चार बोटं विणायला त्याला दीड तास लागला. कोपरा वाकडा झाला, एका अंगाला ओढलेला. ओब्दुलियाने तो उलटसुलट करून पाहिला आणि सोडून नव्याने घाल म्हणेल असं सगळ्यांना वाटलं.

"गावात सगळ्यात वाईट कोपरा हाच असणार," ती म्हणाली. "पण उसवणार नाही." आणि तिने तिथून पुढे विणायला घेतलं. बाकीच्या तिघी बाजूने बसल्या. वाकड्या कोपऱ्यावरून निघालेली चटई शेवटपर्यंत वाकडीच गेली, एक बाजू वीतभर लांब. बायका विणताना एकमेकींना कोपर मारत होत्या, आणि अबुंदियो मधोमध बसून त्यांना ओल्या पाती देत होता. संध्याकाळच्या प्रार्थनेला अर्धा तास उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कासिमिराला नेलं. चटई वाळली की देहाभोवती गुंडाळताना चिरते, म्हणून कबरीपर्यंत ती ओली ठेवायची असते, आणि तेही काम ज्याने कोपरा घातला त्याचं. तेव्हा युकुनानीच्या भर रस्त्यातून, बँडच्या मागे, शवपेटीच्या शेजारी, अबुंदियो निळी बादली घेऊन चालला. दर पन्नास पावलांवर थांबून तो ओंजळीने आईच्या डोक्याखालच्या त्या वाकड्या कोपऱ्यावर पाणी शिंपडायचा. कॅमेरा घरी खाटेवर होता. ज्या दारांतून त्याने बादल्या हटवल्या होत्या त्या दारांत बायका उभ्या राहून बघत होत्या.

"आता कोण बाजूला घेणार?" एकीने विचारलं, आणि दुसरीने तिला गप्प केलं, पण फार मनापासून नाही.

संध्याकाळी सेनाइदाचा फोन आला. आदल्या दिवशी व्हिडिओवर बोलताना तिने पडद्याचं चित्र टिपून ठेवलं होतं, ते तिने आधी पाठवलं. मातकट, वाकडं, मागे गॅसची टाकी, दोरीवर बनियन, पुढे निळी बादली. मधे अबुंदियो जीभ दातांत धरून बसलेला, गुडघ्यावर नारंगी-हिरवा नमुना, हातात पात. कुठली पात वर आणि कुठली खाली, अगदी स्पष्ट दिसत होतं.

"कोपरा डोक्याखालीच ठेवला ना?" तिने विचारलं.

"हो."

"वाकडा होता म्हणे फार."

"होता."

"मला बघायचाय. तिचा चेहरा, आणि खालचा कोपरा. फोटो काढलास ना?"

अबुंदियोने आपल्या हातांकडे पाहिलं. ओब्दुलिया शेजारी कॉफी पीत होती, ती थांबली.

"नाही," तो म्हणाला. "हात ओले होते."

"वीस वर्षांत पहिल्यांदा," सेनाइदा म्हणाली, आणि मग ती रडायला लागली.